दुधाचे दात पडणारच आहेत, पण किडून कशाला? : रात्रीची बाटली, गोड चहा आणि मोताळ्यातली लेकरं

‘दुधाचेच दात हायेत, पडणारच हायेत. आतापासून कशाला डॉक्टर?’

धामणगाव बढे असो, रोहिणखेड असो की खुद्द मोताळा, लेकराचे पुढचे दात काळे पडलेले दिसले की घरातून हे वाक्य हमखास ऐकू येतं. म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. आपल्या दादी-नानींनी पाच-पाच, सात-सात मुलं वाढवली. त्यांचे दुधाचे दात पडले, नवे आले, कुणाचं काही अडलं नाही. मग आताच एवढी काळजी का?

कारण त्या काळात लेकराच्या तोंडात रात्रभर साखरेच्या दुधाची बाटली नव्हती. किराणा दुकानाच्या दारावर पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकत नव्हत्या. साखर घरात होती, पण ती सणाला, पाहुण्यांना. आता दीड वर्षाचं मूलसुद्धा सकाळी चहात बुडवलेलं बिस्किट खातं, दुपारी रडलं की चॉकलेट, संध्याकाळी टोस्ट, आणि रात्री बाटली. दात तेच आहेत, त्यांच्यावरचा मारा वाढला आहे.

हे काही आपल्याच तालुक्यातलं नाही. २००२-०३ मध्ये देशभर झालेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के मुलांच्या दातांना कीड सापडली होती. म्हणजे अंगणवाडीतून पहिलीत जाणाऱ्या दर दोन मुलांमागे एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ५१ कोटी ४० लाख मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. एवढा पसरलेला आणि तरीही घरच्या घरी टाळता येणारा लहान मुलांचा दुसरा आजार शोधूनही सापडणं कठीण.

आता ‘पडणारच आहेत’ या वाक्याचा हिशेब करू. दुधाचे दात वीस असतात. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात खाली पुढे येतो, अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही येतात. पुढचे पटाशीचे दात सहा-सात वर्षांच्या वयात पडतात हे खरं. पण दुधाच्या दाढा पडतात दहा ते बारा वर्षांच्या वयात. दोन वर्षांचा असताना मुलाची दाढ किडली, तर ती ‘पडणारी’ दाढ त्याला अजून आठ-दहा वर्षं वापरायची आहे. भाकर तिच्यावरच चावायची आहे. ती दुखायला लागली की मूल एका बाजूनं चावतं, मग मऊच खातं, मग खातच नाही. वजन वाढत नाही, रात्री झोप नाही, आणि आई म्हणते, ‘हा जेवायलाच त्रास देतो.’ पुष्कळदा ते मूल हट्टी नसतं, त्याची दाढ ठणकत असते. दीड-दोन वर्षांच्या मुलाला ‘माझा दात दुखतो’ असं सांगता येत नाही.

शिवाय दुधाचा दात खालून येणाऱ्या पक्क्या दातासाठी जागा धरून ठेवतो. तो वेळेआधी काढावा लागला तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि पक्का दात वाकडा येतो. कीड मुळापर्यंत जाऊन पू झाला तर खाली तयार होत असलेल्या पक्क्या दातावरही डाग किंवा खोट राहू शकते.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांमध्ये विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. मक्तबमध्ये लेकरू कायदा शिकायला बसतं तेव्हा उस्ताद एकेका हर्फाचा मखरज सांगतात. से, ज़ाल आणि ज़ो हे हर्फ जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लावून निघतात. फ़े खालचा ओठ वरच्या दातांना लागून निघतो. वरचे चार दात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच किडून खुंट झाले, तर शिकण्याची ती सगळी वर्षं मूल फटीतूनच हर्फ काढतं. मराठीतल्या ‘फ’, ‘स’, ‘त’ची तीच गत. आणि वर्गातली बाकीची पोरं हसतात ते वेगळंच. हसायचं झालं की तोंडावर हात धरणारी चार वर्षांची मुलगी तुम्हीही पाहिली असेल.

कीड म्हणजे अळी नाही

‘कीड’ या शब्दानं मराठीत मोठा घोटाळा करून ठेवला आहे. त्यावरून लोकांना खरंच वाटतं की दातात अळी असते. बाजारात किंवा एस.टी. स्टँडजवळ दातातली, कानातली कीड काढून दाखवणारे बसतात आणि कापसावर पांढरं काहीतरी दाखवतातही. ती हातचलाखी असते. दाताच्या किडीत अळी नसते. अशा माणसाच्या हातात लेकराचं तोंड देऊ नका, न धुतलेल्या सळईनं जखम होईल आणि खरा इलाज लांबेल तो वेगळाच.

खरं कारण डोळ्यांना न दिसणारे जंतू. ते प्रत्येकाच्या तोंडात असतात आणि दातावर चिकट थर करून राहतात. मुलानं गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की हे जंतूही तेच खातात आणि आम्ल सोडतात. आम्लानं दाताच्या वरच्या कडक आवरणातले क्षार विरघळतात. साधारण अर्ध्या तासात लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि क्षार पुन्हा दातावर बसवते. झीज आणि भरपाई दिवसभर अशी चालूच असते. दिवसातून तीन-चार वेळा खाणं झालं तर लाळेला सावरायला वेळ मिळतो. दर तासाला तोंडात काहीतरी असेल तर भरपाई कधीच पुरी होत नाही. दुधाच्या दातांचं आवरण पक्क्या दातांच्या जवळपास निम्म्या जाडीचं असतं, म्हणून लहानपणी कीड भराभर आत शिरते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. ईदला जेवणाबरोबर वाटीभर शीरखुर्मा खाल्लेल्या मुलापेक्षा, एकच गोळी तासभर गालात धरणाऱ्या किंवा कुरकुऱ्याची पुडी दुपारभर पुरवणाऱ्या मुलाच्या दातांचं नुकसान जास्त. कुरकुरे, बिस्किट, टोस्ट, खारी हे ‘गोड नाही’ म्हणून दिलं जातं, पण ते दाढांच्या खाचांत लगदा होऊन चिकटतं आणि त्यातल्या पिठाची तोंडातच साखर होते. दुसरी गोष्ट म्हणजे रात्र. झोपेत लाळ फार कमी होते आणि मूल गिळतही कमी. झोपताना तोंडात राहिलेलं दूध दातांभोवती तासन्‌तास साचून राहतं.

म्हणूनच बाटलीची कीड ओळखायला सोपी असते. आधी वरचे पुढचे चार दात जातात, मग दाढा. खालचे पुढचे दात बहुधा शाबूत राहतात. कारण बाटली चोखताना जीभ खालच्या दातांवर झाकणासारखी बसते आणि लाळेची गाठही तिथंच असते. वरच्या दातांना हे संरक्षण नाही. वर काळे खुंट आणि खाली पांढरे शुभ्र दात असं तोंड दिसलं, की त्या घरात रात्रीची बाटली आहे किंवा होती हे डॉक्टर न विचारताच ओळखतात.

बाटलीत फक्त दूध आहे, साखर घातली नाही, असं काही आया सांगतात. दुधात मुळातच थोडी साखर असते, म्हशीच्या असो की गाईच्या. साध्या दुधानं धोका कमी, पण झोपेत तोंडात धरलेल्या बाटलीनं तोही वाढतो. साखर, ग्लुकोज, बिस्किटाचा चुरा किंवा चहा घातलेली बाटली ही सगळ्यात वाईट.

आईचं दूध, घुटी आणि खजूर

आईच्या दुधाबद्दल स्पष्ट सांगायला हवं, नाहीतर अर्धवट वाचून कुणी पाजणं बंद करेल. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, त्यानंतर वरच्या खाण्याबरोबर दोन वर्षं किंवा पुढेही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीतही दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख आहे, हे आपल्या घरांत सगळ्यांना माहीत असतं. पहिल्या वर्षात आईचं दूध पिणाऱ्या मुलांना कीड कमीच लागते. अडचण येते ती वर्षानंतर, जेव्हा मूल भात-बिस्किट-चहा सगळं खात असतं, दात कुणी घासत नाही, आणि रात्रभर तोंड छातीलाच असतं. इलाज दूध तोडणं हा नाही. झोपण्याआधी दात साफ करा, मूल झोपलं की हळूच बाजूला घ्या, आणि दिवसा मधूनमधूनचं गोड बंद करा.

जन्मघुटी आणि गोड औषधांकडे मात्र जरा संशयानं बघावं. सहा महिन्यांच्या आत बाळाला घुटीची गरजच नसते. दात आल्यावर खोकल्याचं, तापाचं गोड सिरप रात्री द्यावंच लागलं तर नंतर ओल्या फडक्यानं दात पुसा. चुसणी मधात बुडवून देण्याची सवय पूर्ण सोडा. एक वर्षाच्या आत मध चाटवणं तर दातांपलीकडेही धोक्याचं आहे, त्यातून बाळाला बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

तहनीकचं काय, असा प्रश्न साहजिक आहे. नवजात बाळाच्या टाळूला खजुराचा अगदी थोडा मऊ अंश एकदा लावला जातो. तेव्हा बाळाला दातच नसतात, त्यामुळे किडीचा संबंध येत नाही. प्रश्न स्वच्छतेचा आहे. किडीचे जंतू बाळ जन्माला येताना घेऊन येत नाही, ते मोठ्यांच्या लाळेतून येतात. खजूर धुतलेल्या हातानं, स्वच्छ वाटीत कुस्करून लावता येतो. दुआ बुजुर्गांनीच करावी. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा पेटीत ठेवलेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडात काहीच नको.

हीच लाळेची गोष्ट रोजच्या व्यवहारातही येते. घास चावून बाळाला भरवणं, बाटलीचं निप्पल स्वतःच्या तोंडात घालून ‘साफ’ करणं, एकाच चमच्यानं चव घेऊन त्याच चमच्यानं भरवणं. प्रेमापोटीच होतं सगळं, पण ज्याच्या तोंडात किडक्या दाढा आहेत त्याचे जंतू बाळाकडे जातात. म्हणून बाळंतपणाआधीच अम्मीनं स्वतःचे किडके दात दाखवून घेतले तर त्याचा फायदा बाळालाही मिळतो. गरोदरपणात दातांवर उपचार करता येतात. आपण गरोदर आहोत एवढं डॉक्टरांना आधी सांगावं.

बाटली कशी सोडवायची, हा सगळ्यात रडवणारा भाग. एका रात्रीत हिसकावून घेतली तर घरभर गोंधळ होतो आणि तिसऱ्या रात्री दादीच बाटली भरून देते. त्यापेक्षा हळूहळू करावं. आधी साखर कमी करत करत बंद करा. मग झोपतानाच्या बाटलीत रोज थोडं दूध कमी, थोडं पाणी जास्त. आठ-दहा दिवसांत बाटलीत नुसतं पाणी उरतं आणि त्यातला रस मुलाला आपोआप कमी होतो. त्याच काळात दिवसाचं दूध वाटी-चमच्यानं किंवा पेल्यानं सुरू करा. वर्षाच्या आसपास मूल पेल्यानं पिऊ शकतं, सांडेल, सांडू द्या. घरातल्या सगळ्यांनी एकच ठरवलं पाहिजे हे मात्र खरं. कापूस वेचायला किंवा सोयाबीन काढायला आई शेतात गेली की मूल दादीजवळ किंवा मोठ्या बहिणीजवळ असतं, आणि रडणं थांबवायला बाटली हाच त्यांचा हुकमी उपाय. त्यांना विश्वासात घेतल्याशिवाय हे जमणार नाही.

दात घासायचे कुणी, कधी, कशानं?

पहिला दात दिसला त्या दिवसापासून. हे वाचून बऱ्याच जणांना नवल वाटेल, कारण आपल्याकडे दात घासणं शाळेबरोबर सुरू होतं. तोवर निम्मं नुकसान होऊन गेलेलं असतं.

मऊ, लहान डोक्याचा ब्रश घ्यावा. पेस्ट फ्लोराइडची, पाकिटावर १००० पीपीएमच्या आसपास आकडा असलेली. लहान मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या, कार्टूनच्या चित्रांच्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड यापेक्षा कमी असतं किंवा नसतंच, म्हणून चित्र न बघता आकडा बघा. मोठ्यांची साधी फ्लोराइड पेस्ट चालते, फक्त प्रमाण सांभाळायचं. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लांब पेस्टची नागमोडी रेघ दाखवतात, ती विक्रीसाठी. पेस्टमधल्या घटकांबद्दल ज्यांना शंका असते त्यांनी पाकिटावरचा हिरवा ठिपका बघावा, बऱ्याच पेस्टवर तो असतो.

घासायचं दिवसातून दोनदा, आणि त्यातही रात्रीचं जास्त महत्त्वाचं. आपल्याकडे उलटं आहे. सकाळी सगळे घासतात, रात्री कुणीच नाही. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय तोंडात काही नाही, दूधही नाही. थुंकता येणाऱ्या मुलानं फेस थुंकावा, पण भराभर चुळा भरून पेस्ट पूर्ण धुऊन टाकू नये. दातावर उरलेलं थोडं फ्लोराइडच रात्रभर काम करतं.

मूल स्वतः घासतं म्हणून निश्चिंत होऊ नका. सात-आठ वर्षांपर्यंत त्याच्या हाताला ती सफाई नसते. त्याला आधी घासू द्या, मग शेवटी मोठ्यांनी एकदा फिरवा. लहान बाळासाठी सोपी पद्धत म्हणजे खाली बसून त्याचं डोकं आपल्या मांडीवर घ्यायचं आणि मागून, वरून बघत घासायचं. एका हातानं ओठ वर उचलायचा, दुसऱ्या हातानं ब्रश. दोन मिनिटं पुरतात. रडलं तर रडलं, रडताना तोंड उघडंच असतं! पंधरा दिवसांत बहुतेक मुलं सरावतात. आणि हे काम अम्मीचंच असं कुठं लिहिलेलं नाही. इशाची नमाज पढून घरी आलेल्या अब्बूंनी ही दोन मिनिटं घेतली तर अम्मीलाही तेवढा आराम.

मिसवाकची सुन्नत आपल्या घरांत आहेच, आणि तोंड साफ ठेवण्यावर दीनमध्ये किती भर आहे हे वेगळं सांगायला नको. पिलूच्या झाडाची ही काडी नीट वापरली तर दात स्वच्छ ठेवते. मोठ्यांनी जरूर वापरावी, मुलांनी बघून शिकावं. पण दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या दाढांच्या खाचांत आणि आतल्या बाजूला काडी पोचत नाही, आणि पेस्टमधल्या फ्लोराइडची जागा ती घेऊ शकत नाही. त्यामुळे मिसवाक असू द्या, रात्रीचा ब्रश सोडू नका. राखुंडी, कोळसा, विटकरीची पूड मात्र आवरणच घासून काढते. आणि मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. ती मुलाच्या हिरडीला लावणं म्हणजे बाळाला तंबाखू देणं. तंबाखू घातलेलं मंजन, पेस्ट बनवण्या-विकण्यावर आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे. तरी काही घरांत वयस्क बाया घरीच तंबाखू भाजून वापरतात, आणि नात मांडीवर बसून ते बघत असते.

फ्लोराइडची भीती विदर्भात काही जणांना असते, आणि ती बिनबुडाची नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्यानं दातांवर तपकिरी पट्टे पडतात, हाडंही दुखतात. पण ते रोज पोटभर प्यायलेल्या पाण्यामुळे, वर्षानुवर्षं. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड योग्य आणि जास्तीत जास्त १.५ मिलिग्रॅम चालतं, अशी आपली मानकं आहेत. तांदळाएवढ्या पेस्टचा त्याच्याशी मेळ बसत नाही. तुमच्या गावात बोअरचंच पाणी पीत असाल आणि बऱ्याच मुलांच्या पक्क्या दातांवर पट्टे दिसत असतील, तर ग्रामपंचायतीला पाण्याची तपासणी करायला सांगा. गावपातळीवर वापरायच्या तपासणी संचात फ्लोराइडचीही चाचणी असते.

रमजानमध्ये घराचं वेळापत्रक बदलतं आणि सगळ्यात आधी गळतो तो मुलांचा रात्रीचा ब्रश. इफ्तारचं सरबत, मग तरावीहनंतर पुन्हा काहीतरी गोड, आणि मूल तसंच झोपतं. लहान मुलांना सरबत इफ्तारच्या जेवणाबरोबरच द्या, नंतर पाणी. तरावीहनंतर ब्रश. रोजा धरणाऱ्या मोठ्या मुलांनी सहरी संपताच, फजरच्या अजानआधी एकदा पेस्टनं घासावं, म्हणजे दिवसा पेस्ट वापरावी की नाही हा प्रश्नच येत नाही.

ओठ उचलून बघा

महिन्यातून एकदा, उजेडात, मुलाचा वरचा ओठ उचला आणि हिरडीला लागून दाताचा भाग बघा. तिथं खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात आहे. खड्डा नाही, दुखत नाही, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण हाच एक टप्पा असा आहे जिथून दात परत फिरतो. रात्रीची बाटली बंद, फ्लोराइड पेस्ट सुरू, आणि दाताच्या डॉक्टरांकडून फ्लोराइडचा लेप, एवढ्यावर ती रेघ थांबू शकते. रेघ पिवळी-तपकिरी होऊन खड्डा पडला की दात आपोआप भरून येत नाही, डॉक्टरांकडे जावंच लागतं. पांढऱ्या रेघेपासून खुंटापर्यंतचा प्रवास लहान मुलात काही महिन्यांतही होतो.

दाखवायचं कुठं? पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दाताच्या डॉक्टरांनी मूल बघावं, हे उत्तम. ते जमत नसेल तर लसीकरणाला जाणं होतंच. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस असते, तेव्हा पुढचे दात आलेले असतात. १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस, तेव्हा दाढा येत असतात. पाच-सहा वर्षांच्या वयात डीपीटीचा बूस्टर, तेव्हा पक्की दाढ यायची वेळ झालेली असते. या तिन्ही वेळी ‘सिस्टर, जरा दातपण बघा’ एवढं म्हणायला पैसे लागत नाहीत.

अंगणवाडीतही एक सोय आहे, जिचा आपण पुरेसा उपयोग करून घेत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, ज्याची देशातली सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला झाली, त्याच्या पथकानं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन मुलं तपासायची असतात. तपासायच्या आजारांच्या यादीत दातांचे आजारही आहेत. पण साठ मुलांच्या रांगेत तोंड मिटून उभं राहिलेलं मूल सहज पुढे सरकतं. पथक कधी येणार हे अंगणवाडी ताईंना विचारून ठेवा, त्या दिवशी स्वतः जा, मुलाचा ओठ उचलून दाखवा, आणि दोष निघाला तर पुढे पाठवण्याची चिठ्ठी हातात घ्या. त्या चिठ्ठीवर पुढचा उपचार सरकारी यंत्रणेत मोफत व्हायला हवा.

लहान किडीसाठी दरवेळी मशीन लावावं लागतं असंही नाही. हातातल्या अवजारानं मऊ झालेला भाग काढून दात भरता येतो. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं एक द्रव औषध आहे, ते किडलेल्या जागी नुसतं लावतात. सुई नाही, भूल नाही, एका मिनिटाचं काम. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. त्यानं किडलेला भाग कायमचा काळा होतो, हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर घरी आल्यावर ‘डॉक्टरनं दात काळे केले’ म्हणून भांडण. काळा आणि कडक झालेला दात म्हणजे थांबलेली कीड. बुलढाण्याला किंवा मलकापूरला दाताच्या डॉक्टरांकडे गेलात तर हे औषध मिळेल का, असं नाव घेऊन विचारा. बरेच दात किडले असतील आणि मूल फारच लहान असेल तर पूर्ण भूल देऊन एकदम उपचार करावे लागतात. त्यासाठी मग छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय गाठावं लागतं. दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते, गाडीभाडं वेगळं.

काही लक्षणांना मात्र थांबायचं नसतं. गाल किंवा डोळ्याखाली सूज, सोबत ताप, हिरडीवर पुवाची पुळी, तोंड उघडता न येणं, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास. यात लवंगेचं तेल लावून सकाळची वाट बघू नका. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा आणि पाठवलं तर त्याच रात्री राजूर घाट चढून बुलढाण्याला जिल्हा रुग्णालयात जा. उरलेली कुणाची तरी अँटिबायोटिकची बाटली मुलाला पाजणं हा इलाज नाही. सूज दोन दिवस उतरते आणि दुप्पट होऊन परत येते, कारण किडलेला दात तिथंच असतो.

शेवटची एक गोष्ट, जी शिकलेल्या घरांतही निसटते. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्या जागी आधी कुठलाच दात पडलेला नसतो, म्हणून घरात सगळे तिला दुधाचीच समजतात. ती पक्की दाढ असते, आयुष्यभराची. तिच्यावर खोल खाचा असतात आणि ती अर्धवट वर आलेली असताना ब्रश तिच्यापर्यंत पोचत नाही. आपल्याकडे दहा-बारा वर्षांच्या मुलांची जी दाढ काढली जाते ती पुष्कळदा हीच. मूल पहिलीत गेलं की रात्री बोटानं गाल बाजूला करून सगळ्यात मागे बघा. चारही बाजूंना ती दिसायला लागली की ब्रश आडवा धरून तिथवर न्या, आणि खाचा भरून घेण्याबद्दल, म्हणजे सीलंटबद्दल, डॉक्टरांना विचारा.